शेपटीचं लिंबू

लिंबागणेशच्या वरच्या माळावर रविवारी विमानं उडवणाऱ्या पोरांनी त्या वायरला 'दावं' असं नाव पाडलं होतं, आणि योगिताला ते पहिल्या दिवसापासून झोंबत होतं.

वायर साधीच होती, काळी, दीड हात लांब. एक टोक शिकणाऱ्याच्या रिमोटला, दुसरं शिकवणाऱ्याच्या. शिकवणारा आपल्या रिमोटवरचं एक बटण दाबून धरतो, तोवर विमान शिकणाऱ्याच्या हातात असतं. त्याने बोट उचललं की त्याच क्षणी विमान त्याचं. मग शिकणाऱ्याने आपल्या रिमोटच्या दांड्या कितीही ओढाव्यात, वर आभाळात त्याची कुणाला खबर नसते. नवशिक्याचं विमान वाचवायला ही सोय चांगली आहे, हे योगिताला मान्य होतं. ती फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली, बीडला एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना शिकवणारी मुलगी. चांगल्या सोयीला ती नावं ठेवत नव्हती. पण रविराज दिवाळीत आला आणि संक्रांतीला दाव्यातून सुटून एकटा उडवू लागला. योगिता त्याच दिवाळीत आली. ती संक्रांत गेली, पुढची दिवाळी गेली, आता माळाखालच्या तुरी शेंगांनी लवल्या होत्या, तरी तिचं दावं काही सुटलेलं नव्हतं.

सोडणारा एकच होता, अमरसिंह. क्लब त्याचा. माळावरची धावपट्टी त्याने स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या ट्रॅक्टरने सपाट केलेली. वडील रामकिसनराव म्हणजे तालुक्यात शब्दाला वजन असलेला माणूस. अमरसिंह पुण्याला इंजिनिअरिंग करून गावाकडे परतला तो शेतीसाठी, आणि येताना हा नाद घेऊन आला. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. शिकवायचा फुकट, स्वतःची विमानं द्यायचा, पोरांनी मोडली तर हसून चिकटवायचा. फक्त योगिता शिकून झाली आहे हे त्याला दिसत नव्हतं. किंवा दिसत होतं, आणि म्हणूनच तो सोडत नव्हता.

क्लबचा नियम असा की सोलो टेस्ट पास झाल्याशिवाय कुणी एकट्याने उडवायचं नाही, स्वतःचं विमान असलं तरी. योगिताने स्वतःचं विमान बांधलं होतं. फोमच्या शीटा कापून, बांबूच्या कामट्या घालून, बीडच्या भाड्याच्या खोलीत. ते कपाटावर बसून होतं. दर रविवारी ती ते स्कूटीच्या मागे बांधून माळावर आणायची आणि अमरसिंहाची वाट बघायची. कधी तो उशिरा यायचा. कधी लग्न निघायचं, कधी वडिलांबरोबर कुठे जायचं असायचं. मग योगिता विमान मांडीवर घेऊन वारा वाया जाताना बघायची आणि परत जायची. तिचे वडील सुग्रीव याच माळाच्या कडेने जन्मभर मेंढरं चारत आले होते. त्यांना हे प्रकरण कळतच नसे. "माळ तोच, वारा तोच, इमान तुझं," ते म्हणायचे. "मग मधी अमरसिंग कावून पाहिजे?"

योगिताला नुसता राग यायचा.

राग दसऱ्याच्या आधीपासून जास्तच धुमसत होता. तेव्हा तिची टेस्ट झाली होती. नियमाने पास झालेल्या कोणत्याही दोघांनी बघायची असते, पण त्या दोघांत एक अमरसिंह असणारच, हे ठरून गेलेलं. दुसरे परमेश्वर सर, गावच्या शाळेत विज्ञान शिकवणारे, क्लबात सुरुवातीपासून असलेले. 'पहिल्या बारीला राहू दे' म्हणून अमरसिंहाने वायर लावायला लावली. योगिताने विमान चढवलं, फिरवलं, वळवून पट्टीच्या रेषेत आणलं. उतरताना तिने दांडी जराशी ओढली आणि विमानाने काहीच केलं नाही. पुन्हा ओढली. काही नाही. तेवढ्यात विमान आपोआप वर उचललं गेलं, एक चक्कर मारून छान खाली बसलं, आणि अमरसिंह मोठ्याने म्हणाला, "वाचिवलं बघा! गेलंच होतं."

"दादा, तुमी बटण सोडलं," योगिता म्हणाली.

"तू घाबरलीस म्हणून सोडलं."

"मी घाबरले नव्हते. मी ओढलं तवा इमान माझं नव्हतंच. आधीच सोडलतं तुमी."

"अगं, हातपाय गळाले की असंच वाटतं," असं म्हणून तो हसला, आणि त्याच्याबरोबर सगळे हसले. परमेश्वर सर तिच्या अगदी बाजूला उभे होते. त्यांचं लक्ष अमरसिंहाच्या बोटाकडे होतं, हे योगिताने डोळ्यांनी पाहिलं होतं. सर आपल्या चपलेकडे बघत राहिले. त्या दिवशी ती स्कूटी चालवत बीडला गेली ती दातओठ खातच.

आज पुन्हा टेस्ट होती. आणि आज अमरसिंहाने नवीन विमान आणलं होतं.

विमान देखणं होतं, यात वाद नाही. पिवळंधमक, दोन मीटर पंखांचं, पावणेतीन किलो वजनाचं. जीपमधून उतरवलं तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. नवीन वस्तू म्हटल्यावर अमरसिंहाची आई सत्यभामाकाकू स्वतः पूजेचं ताट घेऊन आल्या होत्या. त्या घरात ट्रॅक्टर येवो, जीप येवो, ऊसतोडणीचं मशीन येवो, काकूंनी ओवाळल्याशिवाय चाक हलत नसे. त्यांनी विमानाला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, सगळ्यांना पेढे दिले. मग ताटातून काळ्या दोऱ्यात ओवलेलं लिंबू काढलं. घरच्या झाडाचं, मुठीत जेमतेम मावेल एवढं, खाली सात मिरच्या आणि एक बिब्बा. जीपला पुढे बांधतात तसं त्या पुढे बांधायला गेल्या आणि थबकल्या.

"अमर, हितं तर पंखा हाय रे. फिरला की लिंबाच्या फोडी करंल."

"मग मागं बांध की, आई."

"मागं तर मागं," म्हणत काकूंनी लिंबू शेपटीच्या चाकाला गच्च गाठ मारून बांधलं, वर हात जोडले. फोटो निघाले.

योगिता बघत होती. तिच्या डोक्यात आकडेमोड सुरू झालेली होती; ती काही ती मुद्दाम करत नसे, आपोआप व्हायची. लिंबू, मिरच्या, बिब्बा मिळून नव्वद ग्रॅम धरू. शेपूट तोलाच्या बिंदूपासून पाऊण मीटर मागे. पावणेतीन किलोच्या विमानाचा तोल त्याने जवळजवळ अडीच सेंटिमीटर मागे सरकणार. विमानात अडीच सेंटिमीटर म्हणजे फार झालं. नाकाकडे जड असलेलं विमान फार तर सुस्त उडतं. शेपटीकडे जड झालेलं विमान हातात राहत नाही. नाक एकदा वर गेलं की जातच राहतं.

"चल योगिता," अमरसिंह म्हणाला. "आज तुझी टेस्ट नव्या इमानावर. मान हाय तुझा."

"दादा, मी माझं आणलंय. त्याच्यावर दिली तर?"

"टेस्ट क्लबच्याच इमानावर. नियम हाय." हा नियम योगिताने आजच ऐकला. रविराजची टेस्ट रविराजच्याच विमानावर झाली होती. तरी तिने रिमोट घेतला आणि उड्डाणाआधीची तपासणी सुरू केली, कारण टेस्टचा पहिला भाग तोच असतो. पंखांच्या झडपा हलतात का, बॅटरी घट्ट आहे का, लांब जाऊन रिमोट पोचतो का. मग पंखांखाली दोन्ही बाजूंना तोलाची खूण असते तिथे एकेक बोट लावून तिने विमान उचललं. विमान सरळ राहायला हवं, किंवा नाक किंचित खाली. इथे शेपूट भस्सकन खाली गेली आणि लिंबू मातीला टेकलं.

"दादा, शेपूट जड हाय."

"मी घरून तोल बघून आणलंय."

"तवा लिंबू नव्हतं."

काकू ताट आवरत होत्या, त्यांचा हात थांबला.

"एवढ्या मोठ्या इमानाला एक लिंबू काय करतंय बे?" मागून कुणीतरी पोरगं म्हणालं, आणि दुसरं म्हणालं, "मिरच्या लई तिखट असत्याल," आणि सगळी हसली.

"काढून ठेवते," योगिता काकूंकडे बघून हळू म्हणाली. "उडवून झालं की परत बांधते, काकू. माझ्या हातानं."

"बांधलेलं सोडू न्हाई बाई, पैल्याच दिवशी," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, भीती होती. "आणि जड-बिड असं अशुभ बोलू न्हाई."

अमरसिंहाला खरं काय ते माहीत होतं. त्याच्या डोळ्यांतच दिसत होतं. तोल मागे गेला की काय होतं हे योगिताला त्यानेच शिकवलं होतं, याच माळावर, याच पट्टीच्या कडेला बसून. पण तिथे आई उभी होती, जीपपाशी वडिलांची चार माणसं उभी होती, आणि चूक दाखवणारी सुग्रीव धनगराची पोरगी होती. "उडवायचं का न्हाई, तेवढं सांग," तो म्हणाला.

"असं न्हाई उडवणार."

"मग नापास."

"तपासणीत चूक सापडली म्हणून नापास?"

"घाबरली म्हणून नापास. मागल्या बारीला पण तेच." तो वळला. "रव्या, घे रे. दाखव हिला."

रविराज त्याचा चुलतभाऊ, विशीतला, हसतमुख. त्याने एकदा लिंबाकडे पाहिलं, एकदा योगिताकडे. मग रिमोट घेतला. योगिताने त्याच्याजवळ जाऊन घाईने सांगितलं, "रविराज, नाक वर जाईल. वेग सोडू नको. दांडी एवढी एवढीच हलव."

"बघतो," तो म्हणाला.

विमान पट्टीवरून धावलं, वेळेच्या कितीतरी आधी जमीन सोडली आणि बिथरलेल्या घोड्यासारखं पुढून उभं राहिलं. रविराजने नाक दाबलं तर ते खाली झेपावलं. उचललं तर पुन्हा उभं राहिलं, आधीपेक्षा जास्त. "थ्रॉटल दे! दाब! सोड! अरे सोड बे!" अमरसिंह ओरडत होता. तिसऱ्यांदा नाक वर गेलं तेव्हा विमान आभाळात क्षणभर थांबल्यासारखं झालं, डावा पंख गळाला आणि ते गरगरत खालच्या तुरीत जाऊन पडलं. काड मोडल्याचा आवाज वरपर्यंत आला.

पोरं धावली. उचलून आणलं तेव्हा नाक चेपलेलं, एक पंख दोन ठिकाणी मोडलेला. लिंबाला मात्र काही झालेलं नव्हतं.

योगिताला वाटलं, आता तरी. इतकं डोळ्यांसमोर झाल्यावर आता तरी कुणी म्हणेल. अमरसिंहाने मोडक्या पंखावरून हात फिरवला, मान वर केली आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "झालं समाधान? सकाळपासून जड हाय, जड हाय करायलतीस. लागलं न्हाई का तुझं बोलणं."

पहिल्यांदा तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग काकू पदराने तोंड झाकत "मी म्हणलतं, अशुभ बोलू न्हाई," असं पुटपुटल्या. जीपपाशी उभ्या माणसांनी माना डोलावल्या. तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंजिनिअर झालेला माणूस होता तो. त्याला गुरुत्वमध्य माहीत होता, आणि तो सांगत होता की विमान हिच्या तोंडामुळे पडलं.

"काय म्हणलात?" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "माझ्या बोलण्यानं पडलं? बोलण्याचं वजन किती असतंय, दादा? किती ग्रॅम? शेपटीवर कुठं बसलतं ते?"

"योगिता, आवाज खाली."

"न्हाई करत खाली. वर्ष झालं आवाज खालीच हाय माझा." ती रविराजकडे वळली. पोरगं मोडलेल्या विमानाकडे बघत बसलं होतं. "तू सांग. तुझ्या हातात होतं ते. कसं लागलं हाताला?"

रविराजने अमरसिंहाकडे पाहिलं नाही. "नाक धरतच नव्हतं," तो म्हणाला. "दाबलं की बुडायचं, सोडलं की उभं. शेपूट जड होती, दादा. हिनं सांगितलं तसंच झालं. सगळं तसंच."

"तू गप बे."

"गप कसा? मी उडवलंय. उद्या माझ्याच नावावर टाकशाल की."

योगिता आपल्या स्कूटीकडे गेली, दोऱ्या सोडून आपलं विमान घेऊन आली. त्याच्या पंखांखाली दोन बोटं लावली आणि काकूंच्या समोर धरलं. विमान सरळ तोलून राहिलं.

"काकू, ते लिंबू सोडा आणि ह्याच्या शेपटीला लावा. तुमच्या हातानं."

"मी कशाला बाई…"

"लावा तुमी. माझा हात लागायला नको त्याला. मी अशुभ हाय ना."

काकूंना हे लागलं. त्या मुकाट्याने तुरीची पानं अडकलेल्या शेपटीपाशी बसल्या, गाठ सोडली, लिंबू आणून योगिताच्या विमानाच्या शेपटीला दोऱ्याने अडकवलं. हात काढला तशी शेपूट धाडकन खाली गेली, काकू दचकल्या.

"माझं इमान लहान हाय, म्हणून जास्त झुकलं," योगिता म्हणाली. रागातही तिला हे सांगितल्यावाचून राहवेना. "त्यांचं मोठं, ते कमी झुकलं असंल. पण झुकलं. मघाशी मी उचललं तवा तुमी पाह्यलतं."

"बघा, स्वतःच सांगायली लहान हाय म्हणून," अमरसिंह म्हणाला.

काकूंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी लिंबू काढलं. शेपूट वर आली. पुन्हा लावलं. खाली गेली. त्यांनी लिंबू तळहातावर घेऊन भाजीवालीकडे वांगं जोखावं तसं खालीवर केलं. मग त्या मुलाकडे वळल्या.

"अमर, तुला हे म्हाईत न्हवतं?"

अमरसिंह पट्टीकडे बघत राहिला.

"इचारते मी. पुण्याला एवढी वर्षं शिकलास. म्हाईत न्हवतं का तुला?"

"म्हाईत होतं."

"मग मला सांगायचं की. माझ्या लिंबानं कुणाचं भलं व्हत नसंल तर मी काय धरून बसणार हाय का? चुलीत घालीन की." काकूंचा आवाज चढला. "आणि पोरीला कावून बोललास? तुझ्या बोलण्याला धरून मीबी तिला बोलले. चार लोकांत."

जीपपाशी उभ्या माणसांना एकाएकी आपापले फोन आठवले.

राग इथे निवायला हवा होता. निवला नाही. उलट योगिताला जास्तच संताप आला, की एवढं साधं होतं. आईला एक वाक्य सांगायचं होतं. ते वाक्य न बोलण्यासाठी त्याने नवंकोरं विमान तुरीत घातलं, भावाला तोंडघशी पाडलं, तिला पनवती ठरवलं. आणि आता तो गाडीत बसून निघून जाईल, आणि पुढच्या रविवारी पुन्हा वायर हातात देईल.

"परमेश्वर सर," ती म्हणाली, "मी आत्ता टेस्ट देते. माझ्या इमानावर. तुमी आणि रविराज बघा. नियमात पास झालेले कुणीबी दोघं चालत्यात."

सर गडबडले. त्यांनी अमरसिंहाकडे पाहिलं.

"त्यांच्याकडं काय बघता, सर? माझ्याकडं बघा. मागल्या बारीला तुमी माझ्या बाजूला उभे होतात. त्यांचं बोट कुठं होतं ते पाह्यलतं तुमी. पाह्यलतं का न्हाई?"

सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला.

"पाह्यलतं," सर म्हणाले. "बोट आधी उचललं. इमान बराबर येत होतं."

"मग तवा कावून बोलला न्हाई?"

"चुकलं माझं."

"मुलांना शाळेत काय शिकवता, सर? बघा आणि गप बसा?" हे जास्त झालं, तिला कळलं, पण तिने शब्द मागे घेतले नाहीत. सरांनीही मान खाली घालून ते घेतले. मग ते चुन्याने आखलेल्या रेषेच्या मागे जाऊन उभे राहिले. रविराज त्यांच्या बाजूला गेला. पट्टीच्या कडेला चुन्याची एक चौकट होती. सोलो टेस्टला त्या चौकटीत फक्त उडवणारा. बाकी सगळे, कोणीही असो, रेषेपलीकडे.

योगिताने तपासणी पुन्हा पहिल्यापासून केली. घाईने नाही. रागात घाई केली तर हात चुकतो, आणि आज हात चुकून चालणार नव्हता. मग चौकटीत उभी राहिली, वायरविना. रिमोट हलका लागला, तरी अंगात विचित्र वाटलं. उजव्या खांद्यापाशी कुणाचा तरी श्वास असायची सवय झाली होती.

विमान उठलं. माळावरचा वारा उत्तरेकडून, सकाळचा, अजून सरळ होता. तिने समोर इंग्रजी आठचा आकडा काढला, दोन्ही वाटोळी सारखी, मधली फुली बरोबर आपल्यासमोर. पहिल्या वाटोळ्यात उंची थोडी गेली, ती तिने दुसऱ्यात भरून काढली. एका बाजूने उतरवलं, उठवलं, दुसऱ्या बाजूने उतरवलं. दुसऱ्यांदा विमान एक उसळी खाऊन बसलं. आता शेवटचं राहिलं होतं. उंचीवर न्यायचं, सर 'बंद' म्हणाले की मोटर बंद करायची आणि विमान घसरत घसरत पट्टीवर आणून टेकवायचं.

"बंद!" सर ओरडले.

तिने मोटर बंद केली. गुणगुण थांबली, नुसती हवा कापल्याचा बारीक आवाज उरला. तिने दूरवर नेऊन वळवलं आणि विमान पट्टीकडे तोंड करून खाली येऊ लागलं. जरा लांबूनच येत होतं. पोचेल का, असा प्रश्न पडेल एवढं लांबून. अशा वेळी नाक वर धरावंसं वाटतं, आणि नेमकं तेच करायचं नसतं. नाक धरलं की वेग मरतो, वेग मेला की विमान दगड होतं. तिने नाक खालीच राहू दिलं.

तेवढ्यात तिच्या उजव्या खांद्यापाशी पाऊल वाजलं.

"नाक वर घे," अमरसिंहाचा आवाज, घाईचा, खराखुरा काळजीचा. "नाक वर, नाक! पोचत न्हाई ते."

"दादा, रेषेच्या मागं."

"अगं पडंल…"

"मागं व्हा!"

ती विमानावरून नजर न काढता ओरडली. इतक्या मोठ्याने ती आयुष्यात कुणावर ओरडली नव्हती, बापावर नाही, मेंढरावर नाही. मागे काकू म्हणाल्या, "अमर, इकडं ये." पावलं मागे गेली. तिने श्वास सोडला, शेवटच्या हातभर उंचीवर दांडी थोडी ओढली, थोडी अजून, आणि विमान पट्टीच्या अगदी अलीकडच्या टोकाला टेकलं, थोडं घरंगळलं, वाकडं होऊन थांबलं. पट्टीच्या आत.

"पास," परमेश्वर सर म्हणाले.

"पास," रविराज म्हणाला, आणि मग स्वतःशीच, "माझ्या टेस्टला तर दोनदा गवतात गेलतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकू पेढ्याचं ताट घेऊन आल्या. योगिताने पेढा घेतला, काकूंना वाकून नमस्कार केला. काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोकं थोपटलं. हाताला लिंबाचा वास येत होता.

अमरसिंह मोडका पंख जीपमध्ये ठेवत होता. त्याने वळून पाहिलं. "उद्या एकटी उडवशील आणि पाडशील, तवा माझ्याकडं येऊ नको."

"पडलं तर माझं पडंल, दादा," ती म्हणाली. "तेवढंच मागत होते."

तिला वाटलं होतं की पास झाल्यावर बरं वाटेल. राग मोटरसारखा बंद होईल. तसं काही झालं नाही. वर्षभराचे रविवार आत तसेच होते, एकावर एक रचलेले, आणि आता ते कुणाला परत मागता येणार नव्हते. तिने पट्टीवरून विमान उचलून आणलं, चाकातली माती बोटाने काढली. रविराज म्हणाला, "आता काय करतीस?" तिने दुसरी बॅटरी बसवली, झडपा हलवून पाहिल्या, दोन बोटांवर तोल बघितला, विमान पट्टीवर ठेवलं. मग जीपकडे, सरांकडे, कुणाकडेच न बघता चौकटीत जाऊन उभी राहिली आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल अशी हाक दिली, "टेकऑफ!"

वाटेत जो कोणी असेल त्याने बाजूला व्हावं.